काचेचा इल्पो

इल्पो ह्युव्हारिनेनला गाव ‘काचेचा इल्पो’ म्हणायला लागलं ते त्याचा गुडघा दुसऱ्यांदा गेला तेव्हा. पुढे खांदा निखळला, जबडा मोडला, आणि तीन वेळा डोकं कडेच्या फळ्यांवर आपटून तो बर्फावर बेशुद्ध पडला. दरवेळी तो डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीआधीच परत खेळला आणि दरवेळी आइस हॉकी संघाचा व्यवस्थापक रायमो तुकियाइनेन त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “असा पोलादी गडी अख्ख्या फिनलंडात नाही!” काच म्हणणारे आणि पोलाद म्हणणारे, इल्पोच्या मते दोघंही सारखेच मठ्ठ. सगळ्यात मठ्ठ अर्थात तो स्वतः, कारण तेरा वर्षं त्यानं या रायमोचं ऐकलं होतं.

तेहतिसाव्या वर्षी मेंदूच्या डॉक्टरांनी त्याचा खेळ कायमचा बंद केला. मग मात्र क्लबला त्याच्याबद्दल प्रेमाचे उमाळे यायला लागले. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, सामन्याच्या आधी, त्याचा निरोप समारंभ ठरला.

आत जाण्यापूर्वी रायमोनं त्याच्या हातात सोनेरी रंग फासलेले स्केट ठेवले. “घाल आणि एक फेरी मार. लोक खूश होतील.”

“डॉक्टरांनी मनाई केलीय.”

“अरे, एका फेरीनं काय होतंय?”

“हेच तू गुडघ्याच्या वेळी म्हणालास, खांद्याच्या वेळीही म्हणालास. जरा नवीन काहीतरी शोध की!”

रायमो नुसता हसला. टोमणे त्याला लागतच नसत. त्याची कातडी त्याच्या खेळाडूंच्या हाडांपेक्षा मजबूत होती.

इल्पो साध्या बुटांनी, बर्फावर अंथरलेल्या गालिच्यावरून मधोमध गेला. रायमोनं भाषण ठोकलं. त्याग, हिंमत, दुखणं काय ते मनात असतं, वगैरे. गेल्या मोसमात इल्पोला “घरी जाऊन कपबशा विसळ!” म्हणून ओरडणारा मासेवाला पेन्टी पहिल्या रांगेत चक्क डोळे पुसत होता.

तो ओळीत उभ्या खेळाडूंशी हात मिळवत निघाला. शेवटी सामुली होता, त्याच्याच जागी आलेला बचावपटू. मंगळवारच्या सामन्यात तो डोक्यावर आपटला होता. पुढे आलेला हात त्यानं बराच वेळ नुसता पाहिला आणि मग धरला.

“सामुली, आज वार कुठला?”

“बुधवार,” सामुली हसून म्हणाला.

“आणि समोर कोण खेळतंय?”

सामुली धावफलकाकडे वळला आणि तिथे नाव शोधत राहिला.

इल्पोनं त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढून घेतलं आणि त्याचा दंड धरला. “चल माझ्याबरोबर.”

रायमो माइक हातात घेऊनच धावत आला. “काय तमाशा लावलायस? आपल्या डॉक्टरनं त्याला पास केलंय!”

“मलाही तीनदा पास केलं होतं त्यानं. मग मी आपल्याच संघावर गोल मारला. आठवतंय ना?”

माइक चालूच होता. सगळ्या प्रेक्षकांनी ते ऐकलं. निषेधाच्या शिट्ट्या सुरू झाल्या. “सामना सुरू करा की!” पेन्टी ओरडला. त्याचे डोळे एव्हाना कोरडे झाले होते.

प्रेक्षकांत बसलेली इल्पोची बायको केर्तू तोवर बाहेर पळत जाऊन गाडी दाराशी घेऊन आली. इस्पितळात कळलं, सामुलीच्या कवटीच्या आत रक्त साचलं होतं. तासाभरात शस्त्रक्रिया झाली. आणखी एक धक्का बसता तर उरला नसता, असं डॉक्टरीण म्हणाली.

सोमवारी क्लबचं निवेदन छापून आलं. इल्पोनं न्याहारीला ते मोठ्यानं वाचलं, “‘खेळाडूच्या प्रकृतीची क्लबनं वेळीच काळजी घेतली.’”

“आणि तुझं नाव?” केर्तूनं विचारलं.

“कुठेच नाही. माझा फोटोही क्लबच्या कॉरिडॉरमधून उतरवलाय म्हणे. बरं झालं, जबडा वाकडाच दिसत होता त्यात.”

एप्रिलमध्ये सामुली इल्पोच्या घरी आला. टोपीखाली भादरलेलं डोकं, चेहऱ्यावर राग.

“माझा खेळ संपवलास तू,” तो दारातच म्हणाला. आणि मग, “आता मी करू काय?”

“मला काय विचारतोस? मी स्वतः घरी बसलोय,” इल्पो म्हणाला. “बूट काढ. कॉफी तयार आहे.”