उलटी रेघ

मी कुलगुरू झालो तेव्हा आमच्या गिरगावच्या गल्लीत माझा भला मोठा फ्लेक्स लागला. फोटो जुना होता, त्यात मला केस होते. माणूस फायदा बघून वागतो, हे अर्थशास्त्र मी जन्मभर शिकवलं. त्या माणसांत स्वतःला मात्र कधी धरलं नाही.

सत्कार आणि फायलींच्या गर्दीत शिकवणं सुटलं, तसा जीव कासावीस झाला. वर्ग नसलेला मास्तर म्हणजे नुसता साहेब. म्हणून दर मंगळवारी परळच्या एका कॉलेजात तास घ्यायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी हॉल तुडुंब. पुढच्या रांगेत प्राचार्य कोठारे आणि सगळे प्राध्यापक. मला भरून आलं. म्हटलं, आपल्याला अजून मागणी आहे.

त्याच भरात फळ्यावर मागणीची रेघ काढली. किंमत वाढली की मागणी घटते, म्हणून ती खाली उतरते. अकरावीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी ती दिमाखात वर चढवली. कुणी हूं की चूं केलं नाही. प्राध्यापकांनी माना डोलावल्या. कोठाऱ्यांनी तर त्या रेघेशेजारी उभं करून माझा फोटो काढला.

घरी तो मी कौतुकाने बायकोला दाखवला. नलू कॉलेजात माझ्याच वर्गात होती. चष्मा वर करून म्हणाली, "अहो, रेघ उलटी आहे." आणि पुन्हा वालाच्या शेंगा सोलायला लागली. मला जेवण गेलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी वर्गात चूक सांगून टाकली आणि विचारलं, ती कुणाकुणाच्या लक्षात आली होती. सगळे हात वर. कोठाऱ्यांचाही, जरा उशिरा. मग बोलला का नाहीत?

मागच्या बाकावरची देविका नावाची मुलगी उठली. "सर, बोलायची किंमत फार होती. तुम्ही कुलगुरू, आणि तुमच्या तासाची हजेरी इंटर्नलच्या मार्कांत धरणार म्हणून नोटीस लागलीय."

म्हणजे तुडुंब हॉलचाही उलगडा झाला. धडा पोरांना पक्का आला होता, कच्चा मीच. हजेरीची ती नोटीस मी तिथल्या तिथे रद्द करायला लावली.

पुढच्या तासाला हॉलमध्ये मुलांपेक्षा पंखे जास्त होते. प्राध्यापकांना कामं निघाली होती. देविका मात्र आली होती, आणि माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा हात वर गेला.

"सर, मला हे पटत नाही."

कुलगुरू झालो तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. मी खडू तिच्यापुढे धरला.

"ये, फळ्यावर दाखव."