चंद्र-सूर्य काढलेली पाटी

मी पाटी बोलतेय. काळ्या दगडाची, लाकडी चौकटीची. माझा एक कोपरा उडालाय, तो स्वप्नीलने पहिलीत असताना उडवला. पुढे तो खोपोलीला कारखान्यात लागला आणि मी माळ्यावर मोडक्या सुपाखाली पडून राहिले.

मला खाली काढलं त्याच्या बायकोने, हर्षलाने. भिवपुरीजवळच्या आमच्या घरात बसून ती संगणकावर माणसांकडून काम करून घेते. जितेश पोलंडला, रिया कॅनडात, बाकीचे पुण्याला. रोज सकाळी दहाला सगळे पडद्यावर जमतात. नेमकी तेव्हाच शेजारची इंदूबाई "मिरची हाय का गं?" करत आत शिरायची. म्हणून मला दाराशेजारी भिंतीवर टांगलं. माझं तोंड भिंतीकडे फिरवलेलं दिसलं की आत यायचं नाही.

सासू सोनुबाईला अक्षर येत नाही, पण चौकशी दांडगी. "आता तिकडं दिवस का रात, गं?" हर्षला सांगायची आणि सोनुबाई रोज दहाच्या आधी माझ्यावर प्रत्येकाच्या ओळीत खडूने सूर्य नाहीतर चंद्र काढायची.

एके दिवशी हर्षला डोकं धरून बसली. रिया काम सोडत होती. तिच्याइतकं काम कळणारं दुसरं कोणी नव्हतं.

"विचारलं तर नुसतं 'थकलेय' म्हणते, आई."

सोनुबाईने मला तिच्यापुढे धरलं. "ही ओळ कोनाची?"

"रियाची."

"सगळे चंद्रच हायेत हिचे. लावनीला आपन सावड करतो ना? आज हिरूच्या शेतात, उद्या आपल्या. रोज आपल्याच शेतात बोलावलं तर कोन येल?"

हर्षलाने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "दहाची वेळ मीच ठरवली, माझ्या सोयीची. तिची सकाळ म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. तेव्हा भाकऱ्या असतात."

"त्या मी थापीन. तुझ्या जाड भाकऱ्यांतून सुटेल तरी घर!"

त्याच संध्याकाळी हर्षलाने फोन लावला. "रिया, आईंनी पाटीवर तुझे सगळे चंद्रच दाखवले. चुकलंच माझं. आता एक आठवडा सकाळी, एक आठवडा संध्याकाळी."

पलीकडून रियाचा आवाज आला, "एक आठवडा बघते."

काल तो संध्याकाळचा आठवडा संपला. मी भिंतीकडे तोंड करून होते, तरी सोनुबाई पिठाच्या हातांनी मला काढून घेत आत शिरली.

"आई, पाटी फिरवलीय ना!"

"आसूं दे. तिचा सूर्य बघू दे मला."

पडद्यावर रियाच्या खिडकीत ऊन होतं. ती हसली. "आजी, सोमवारपासून माझे चंद्र ना? चालेल."

सोनुबाईने मला सरळ केलं आणि पिठाच्या बोटाने रियाच्या ओळीत सूर्य काढला. तो वाळला की आपोआप झडेल. तोवर कोणी पुसू नका, एवढंच मागणं आहे.