ॲक्सिलेटरवरचा पाय

"सोड!" मी ओरडलो.

भिमाजीने पाय काढला. इंजिन दोनदा हादरलं, उघडं बॉनेट थडथडलं आणि गाडी बंद पडली.

"आता तुमीच बगा," भिमाजी स्टेअरिंगमागून म्हणाला. "पाय दाबून ठिवला की झ्याक पळती. काडला की मेली. काल करंजीचा घाट उतरताना निम्म्यात बंद पडली. शिटा भरल्याल्या. एक म्हातारी तर माझ्या मुंडीलाच धरून बसली."

"परत लाव."

"किती बारी लावू मिस्त्री? बॅटरी बसंल." तो खाली उतरला. "लोकं काय म्हनत्यात ठावं हाय का? गाडीचं ऱ्हाऊ द्या, तिसगावचा मिस्त्रीच मिसिंग मारायला लागलाय म्हनत्यात."

ठिणगी चुकून इंजिन अडखळायला लागलं की त्याला मिसिंग म्हणतात. गाडी माझ्याकडे तिसऱ्यांदा आली होती. जुनी काळी विलायती गाडी. भिमाजी तीत शिटा भरून पाथर्डी ते नगर करायचा. पहिल्या खेपेला मी प्लग साफ केले, टॅपेट लावले आणि स्लोचा स्क्रू थोडा चढवून दिला. स्क्रू चढवला की इंजिन जोरात फिरतं आणि दुखणं झाकतं. चार दिवसांनी गाडी परत आली. मग कार्बोरेटर खोलला, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. तरी तेच. एकेका प्लगची वायर काढून बघितली. एखादं सिलिंडर मेलं असेल तर त्याची वायर काढून फरक पडत नाही. इथे कुठलीही काढली तरी फरक पडत होता. म्हणजे चारही जिवंत होती, आणि तरी कधी याची ठिणगी चुकायची, कधी त्याची.

मागे दुकानात माझा मुलगा गहिनीनाथ भिंतीवरचे पाने काढून पोत्यात गुंडाळत होता. तो नागापूरला कारखान्यात कामाला आहे. रजा काढून मला न्यायला आला होता. आदल्या रात्री आमचं भांडण झालं आणि भांडणात माझ्या तोंडून निघून गेलं, "भिमाजीची गाडी नीट झाली तर मी हितनं हालनार न्हाई. न्हाई झाली तर तू म्हनशील तिथं येतो."

"शबूद?" त्याने विचारलं होतं.

"शबूद."

सकाळी उठून बघतो तर तो पाने काढायला लागलेला. टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता.

त्याचंही चूक नव्हतं. माझी बायको मालन पौषात गेली. कावीळ झाली आणि गेली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, रस्त्यावर जातो, परत येतो. आत्ताच बसवलेला नट पुन्हा काढून बघतो. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामाची खडी फोडायला माणसं बसायची, त्यांच्यापर्यंत चालत जायचं आणि काय सांगायला आलो ते विसरून परत फिरायचं. त्यांनाही सवय झाली होती. दोन-तीन गाड्या माझ्याकडून तशाच परत गेल्या. गहिनीनाथला हे सगळं कळलं होतं.

"आबा, मी बसतो," तो पोतं ठेवून आला. "तुमी सांगा तसं करतो."

या गाडीत कार्बोरेटर एका अंगाला आहे आणि डेल्को दुसऱ्या अंगाला. डेल्को म्हणजे प्लगांना पाळीपाळीने करंट वाटून देणारा डबा. एका माणसाचे हात दोन्हीकडे पुरत नाहीत. एकाने आत बसून ॲक्सिलेटर सांभाळायचा, दुसऱ्याने इंजिनावर वाकून ऐकायचं. माझ्या दुकानात आत बसायचं काम मालनचं होतं. पहिला हेल्पर पळून गेला त्या दिवशी मी तिला चुलीपासून हाक मारली, आणि मग ते तिचंच काम झालं. चपला बाहेर काढून ती गाडीत बसायची. मांडीवर सूप, सुपात बाजरी. एक पाय ॲक्सिलेटरवर आणि हात खडे निवडण्यात. एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघायची. नऊवारीतली बाई स्टेअरिंगमागे त्यांनी कुठे बघितलेली?

"दाब," मी म्हणालो.

गहिनीनाथने दाबलं. इंजिन सरळ चाललं.

"सोड."

खटकन पाय वर. गाडी बंद.

"तसं नको. जरा दमानं."

"दमानं म्हंजी कसं? एक तर दाबायचं, न्हाई तर सोडायचं." तो हसला. "आमच्या कारखान्यातल्या प्रेसचं पायडल तसंच असतंय. मधी काय करायला गेलं तर बोट जातंय."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मला धीर निघेना. आत जाऊन पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला आणि ॲक्सिलेटरवर ठेवला. इंजिन एका सुरात चालू राहिलं. मी डेल्कोवर हात ठेवून ऐकत राहिलो. काही दोष नाही. वरवंटा उचलला, गाडी बंद. दोष होता तो चालू आणि बंद यांच्या मधे कुठेतरी, आणि त्या मधल्या जागेवर कुणी थांबतच नव्हतं.

"मिस्त्री, मी नगरला दुसऱ्याला दाखिवतो," भिमाजी खाली बघत म्हणाला. "राग धरू नका. उद्या मला भाडं हाय, अन घाट तर उतरावाच लागतोय."

गहिनीनाथ माझ्याकडे बघत नव्हता. तो परत पोत्याकडे गेला. मी रस्त्यापर्यंत गेलो आणि परत आलो. वरवंट्याला ऑइल लागलं होतं. तो कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून हातातच धरून उभा राहिलो.

समोरच्या हॉटेलातून गोजरबाई चहा घेऊन आली. हॉटेल म्हणजे पत्र्याची टपरी. नवरा गेल्यापासून तीच चालवते. वयाने माझ्याहून मोठी आणि तोंडाने त्याहून मोठी.

"वरवंट्यानं गाडी रिपेर व्हती व्हय रं सादेवा?" ती म्हणाली. "मंग पाटाबी आन की. चटनी तरी व्हईल."

भिमाजी हसला.

"मावशे, तू चहा दे," मी म्हणालो.

"देतीया. सकाळधरनं बगतीया तुमचं. दाब, सोड. दाब, सोड. आरं, मालन आसा पाय काडायची का?"

"कसा काडायची?"

"आता मला इचारतो! तू वाकल्याला असायचास त्या इंजनात. आमी समोरनं बगायचो. तू म्हनायचास सोड. अन ती हातातला खडा टाकायची, मंग पाय उचलायची. तोबी कसा? दुदाचं पातेलं उतरावं तसा. अन तू आतनं बोंबलायचास, बहिरी झालीस का म्हनून."

मला तो आवाज आठवला. माझाच. 'सोड म्हणतोय ना! बहिरी झालीस का?' आणि गाडीतून तिचं उत्तर, 'सोडतीया की.' एकदा चिडून मी विचारलं होतं, एवढा वेळ का लावतेस? तर म्हणाली, 'एकदम सोडली की दचकती ती.' मी ते बायकांचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. तिचा पाय हळूहळू उचलला जायचा तेवढ्या वेळात मला इंजिनातली खरखर ऐकू यायची, कुठे चुकतंय ते कळायचं. लोक म्हणायचे, सहादेव मिस्त्रीचा कान लई तयार. मलाही तसंच वाटायचं.

"मावशे, तू बसतीस का?"

"मी? ह्या गुडघ्यानं?"

"उलशीक येळ. मालन बसायची तशी."

गोजरबाईने भिमाजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग चहाची किटली खाली ठेवली. गाडीपाशी गेल्यावर तिने चपला काढल्या.

"ही गाडी पळाली तर मला धरा रं," ती आतून म्हणाली. "माझं हाटेल उघडं हाय."

गाडी चालू केली. भिमाजी खिडकीतून हात घालून किल्लीपाशी थांबला आणि मी उजव्या बाजूने डेल्कोवर वाकलो. डेल्कोला एक बारीक दांडी असते. इंजिनाचा वेग बदलला की ती दांडी डब्याच्या आतली चकती थोडी फिरवते. मी त्या दांडीवर बोट ठेवलं.

"दाब."

दांडी आत ओढली गेली. इंजिन सरळ.

"आता सोड. मालनवानी."

काही वेळ काहीच झालं नाही. मी तोंड उघडलं होतं, ओरडणार होतो. ओरडलो नाही. आवाज हळूहळू उतरायला लागला. उतरत उतरत आला, आणि बोटाखालची दांडी परत फिरायला लागली त्याच क्षणाला इंजिन खोकलं.

"थांब! तिथंच धर!"

"धरलाय की."

इंजिन तिथेच अडखळत राहिलं. मी दांडी बोटाने थोडी आत ढकलली. सरळ. सोडली. अडखळलं. पुन्हा ढकलली. सरळ.

"बंद कर भिमाजी. बंद कर."

डेल्कोचं झाकण काढलं. आतल्या चकतीला करंट नेणारी एक वायर असते, बोटाएवढी लांब, वरून सुती कापडाचं वेष्टन. मी ती आधी दोन वेळा बघितली होती. वेष्टन कुठे फाटलेलं नव्हतं, दोन्ही टोकं घट्ट होती. आता चिमटीत धरून ओढली, तर ती रबरासारखी ताणली. तांब्याची वायर ताणत नसते. आतली तार तुटली होती. चकती एका बाजूला असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, परत आली की सुटायची.

"येवढ्याशी?" भिमाजी वाकून म्हणाला. "हिनं माझ्या घाटात शिटा उतरिवल्या?"

"येवढ्याशीच."

जुन्या सामानात एक मोडका डेल्को होता. त्यातली वायर काढली, कथलाचा डाग दिला आणि बसवली. गोजरबाई तोवर खाली उतरून गिऱ्हाईकाला शिव्या देत टपरीकडे गेली होती. माझी पाठ दुकानाकडे होती. मागून लोखंडाचा आवाज येत होता. वळून बघितलं तर गहिनीनाथ पोत्यातले पाने काढून भिंतीच्या खिळ्यांना लावत होता. मोठा पाना लहानाच्या जागी लावत होता. मी लावू दिला. वरवंटा साबणाने धुतला आणि पाट्यावर नेऊन ठेवला.

"आबा, एकदा बगू द्या मला," गहिनीनाथ हात पुसत आला. "मी ऐकतो. तुमी आत बसा."

मी गाडीत बसलो. एवढ्या वर्षांत बॉनेट उघडं असताना मी या जागेवर कधी बसलो नव्हतो. समोर काळा पत्रा. त्यापलीकडे काही दिसत नाही. रस्ता नाही, इंजिन नाही, माणूस नाही. मला वाटायचं, ती आत बसून माझं काम बघते. तिला इथून फक्त पत्रा दिसायचा आणि माझा आवाज यायचा.

मी चपला काढून बाहेर टाकल्या. गाडी चालू केली. पाय दाबला.

"चांगलं चाललंय," पत्र्यामागून गहिनीनाथ म्हणाला. "सोडा आता."

इंजिन एका लयीत चाललं होतं. टाचेला बारीक थरथर लागत होती.

"आबा, सोडा की! ऐकू येतं न्हाई का?"

"सोडतोया की," मी म्हणालो, आणि पाय हळूहळू उचलत राहिलो.