लटारूचं नाव

वडील, रामाजी, वारल्याला चार महिने झाले, तेव्हा नागसेननं बहिणीला फोन केला. तलाठ्याकडे वारस नोंद करायची होती, एक दिवस येऊन सही करून जा, एवढंच तो म्हणाला. हर्षा अहेरीला एका सरकारी ऑफिसात कारकून होती, लग्न केलं नव्हतं, एका खोलीत एकटी राहायची. तिनं रजा टाकली आणि गोंडपिंपरीकडच्या आपल्या गावी गेली.

अर्जावर दोनच वारस होते, नागसेन आणि हर्षा. मधल्या भावाचं, लटारूचं, नाव नव्हतं.

लटारू एकेचाळीस वर्षांचा होता. बोलणं तुटक, समज पाच-सहा वर्षांच्या लेकराएवढी. पण बैलांचं चारापाणी आणि धानाच्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, पाणी तोच सांभाळायचा, आणि त्यात कधी चुकायचा नाही.

त्याचं नाव का नाही, असं हर्षानं विचारलं.

"त्याले सातबारा कायले पाहिजे?" नागसेन म्हणाला. "आई गेल्यापासून अकरा वर्षं त्याचं सारं आम्हीच करून राह्यलो. तू सणावाराले येतेस."

ते खरंच होतं. लटारूचं ओलं अंथरूण कमलावहिनीनं धुतलं होतं, हर्षानं नाही. तरी तिनं सही केली नाही.

"उद्या तू नसलास अन् कोणी त्याले बाहेर काढलं, तर? नाव असलं तर काढता येत नाई, दादा."

नागसेननं कागदाची घडी करून खिशात टाकली. "मंग तूच ठेव त्याले," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लटारू तिच्याबरोबर बसमध्ये बसला. संध्याकाळी परत जायचं आहे, असं त्याला वाटत होतं.

अहेरीच्या खोलीत त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. हर्षा ऑफिसात गेली की तो दारातल्या पायरीवर बसायचा. शेजारच्या अन्नपूर्णाबाई दुपारी त्याला जेवू घालायच्या. पहिला आठवडा तो रोज संध्याकाळी विचारायचा, बैलांना पाणी कोणी दाखवलं? मग त्यानं विचारणं सोडलं. हर्षा जेवताना बोलत राहायची आणि तो भिंतीकडे बघत घास गिळायचा. एकदा आठवडी बाजारात तो दिसेनासा झाला. सापडला तेव्हा कुणाच्या तरी बैलाच्या मानेला कपाळ लावून उभा होता. त्याचा हात धरून त्याला तिथून ओढून नेताना हर्षाला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं तलाठ्याकडे लेखी हरकत दिली होती, तिच्यावर मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. समज कमी म्हणून वारसाहक्क जात नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नागसेननं वाद घातला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. पुढे अशा माणसांसाठी पालक नेमणाऱ्या गडचिरोलीच्या जिल्हा समितीनं हर्षाला लटारूची पालक नेमलं. त्याचा वाटा आता समितीच्या परवानगीशिवाय कोणालाही विकता येणार नव्हता, तिलासुद्धा. सगळ्याला वर्ष लागलं. त्या वर्षात गावाकडून एकही फोन आला नाही. चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालेलं तिला मोबाईलवरच्या फोटोंतून कळलं.

सातबाऱ्यावर तिसरं नाव चढलं. तो उतारा घेऊन, लटारूला घेऊन, ती रोवणीच्या दिवसांत गावी गेली. लटारू घरात शिरलाच नाही. बसमधून उतरला तो थेट बांधीकडे गेला आणि गुडघाभर चिखलात उतरून फुटलेली धुरी, बांधीच्या कडेचा मातीचा बांध, हातांनी लिंपू लागला. बांधावर उभा असलेला नागसेन बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"त्याची जमीन तूच कर," हर्षा म्हणाली. "धान त्याच्या नावानं वेगळं ठेव. त्याले इथीच राहू दे. माह्याजवळ तो जगत नाई, दादा."

मागून आलेली कमलावहिनी म्हणाली, "त्याची खाट मी हलवली नाई."

हर्षा घटकाभर उभी राहिली. थांब, असं कोणीतरी म्हणेल असं तिला वाटत होतं. वहिनीनं पाणी दिलं, ते पिऊन ती निघाली. लटारूला हाक मारली तर त्यानं चिखलाचा हात वर केला आणि पुन्हा वाकला.

आता महिन्यातून एकदा ती गावी जाते. नागसेन तिला लटारूच्या दवाखान्याचं, कपड्यांचं, धानाचं सगळं नीट सांगतो. ती कशी आहे, हे मात्र विचारत नाही. लटारू तिला बैलांपाशी नेतो. मग चारच्या बसनं ती अहेरीला परतते.