काकड्याचे मासे

या, सरका जवळ. टाळ जरा बाजूला ठेवा, आणि त्या मागच्या मावशींना म्हणावं पुढं या, इथं जागा आहे. एक गोष्ट सांगतो. देवाचीच आहे, पण तिच्यात देव दिसायला थोडा उशीर लागतो. तेवढा दम धरा.

भोकरदन तालुक्यात, हसनाबादहून अर्ध्या तासावर एक गाव आहे. नाव विचारू नका. गावाखाली नदी वळण घेते, आणि वळणावर महादेवाच्या पायऱ्यांपाशी एक डोह आहे. नदी होळीच्या आधीच आटते, डोह मात्र पाऊस येईपर्यंत तग धरतो. त्यातला मासा कोणी धरत नाही. बापजाद्यांपासूनची रीत.

याच पायऱ्यांवर चैत्राच्या सप्ताहात पहाटेचा काकडा होतो. चार वर्षांपूर्वी काकडा म्हणताना कचरूबुवांनी खाली पाहिलं, तर पाण्यावर शेकडो तोंडं! रोहू, कटले, शिंगटे. गोल तोंडं उघडतायत, मिटतायत, उघडतायत. जणू टाळाचा ठेका धरलाय. बुवांना हुंदका आवरेना. "मासे काकड्याला आले रे!" एवढंच ते म्हणाले आणि पायरीवर बसले.

आता हे कचरूबुवा म्हणजे कोण, तर दोन एकराचा धनी, छातीत दमा, आवाज फाटका. भजनात कायम मागच्या रांगेत. कोणी कधी 'बुवा' म्हटलं नव्हतं, 'ए कचरू' म्हणत. मासे आले आणि माणसाचं नशीब फिरलं. कोणीतरी काढलेला व्हिडिओ फोनाफोनी पसरला. दुसऱ्या सालापासून भोकरदनच्या जीपा पहाटे चारला यायला लागल्या. जालन्यातनं, थेट मस्तगडातनं एक कापडवाले आले आणि वीणेला रेशमी गवसणी देऊन गेले. सप्ताहाची वीणा बुवांच्या गळ्यात आली. 'मासेवाले कचरूबुवा', असं पत्रिकेत छापून यायला लागलं.

त्यांची लेक दैवशाला. संभाजीनगरला विद्यापीठात मत्स्यशास्त्र शिकत होती, एम.एस्सी.ला. पहिल्या वर्षी तिनं तो व्हिडिओ मोठ्या कौतुकानं तिला शिकवणाऱ्या सत्यशीला मॅडमना दाखवला. मॅडमनी एकदा पाहिला, परत पाहिला, आणि फोन हळूच तिच्या हातात ठेवला.

"दैवशाला, हे गात नाहीयेत गं. गुदमरतायत."

बस्स, एवढंच वाक्य. पुढचं सगळं तिला मग पुस्तकात सापडत गेलं. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, मासा तो कल्ल्यांनी घेतो. दिवसा उजेडात शेवाळं प्राणवायू सोडतं. रात्री तेही श्वास घेतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. त्यात पाण्यात अन्न कुजत असेल तर उरलासुरलाही संपतो. मग मासे वर येतात, जिथं पाण्याला वारा लागतो तिथं तोंडं लावतात. आणि डोहात अन्न तर होतंच! रस्ता डांबरी झाल्यापासून सप्ताहात पंगती वाढल्या, पातेली उरायला लागली. अन्न उकिरड्यावर कसं टाकायचं, पाप लागेल. म्हणून गावानं ठरवलं, डोहात सोडायचं. देवाचे मासे खातील. केवढ्या मायेनं केलेली चूक बघा.

हे दैवशालाला वर्षभर माहीत होतं, आणि वर्षभर ती गप्प होती. तात्यांचा, म्हणजे बुवांचा, फोन आला की ते विचारायचे, "आपल्या माशाबद्दल सांगितलं का गं तुझ्या मास्तरांना?" ती म्हणायची, "हो तात्या." फोन ठेवला की होस्टेलच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची.

दुसऱ्या वर्षी सप्ताहाला ती पाणी तपासायची पेटी घेऊन आली. सहा दिवस तिचा पाय घरात ठरेना. डोहावर जाई, परत येई, भाकरी ताटात तशीच ठेवून पुन्हा जाई. आई, सगुणाबाई, म्हणाली, "पायाला भिंगरी बांधलीस का गं? बैस की जरा. लोकांच्या पोरी घरी आल्या की झोपा काढतात."

"बसते," म्हणायची, आणि उठायची.

सातव्या दिवशी, काल्याच्या पहाटे, मासे कधी नव्हते इतके वर आले. जीपांतली माणसं फोन वर धरून उभी. काकडा संपून तांबडं फुटलं, तेव्हा काठाला सात रोहू पांढरं पोट वर करून तरंगत होते. एका बाईनं त्यांच्यावर झेंडूचं फूल वाहिलं. "भाग्याचे! काल्याच्या दिवशी गेले."

दैवशालानं पाण्यात बाटली बुडवली. गर्दी पांगल्यावर तात्यांना पायरीवर गाठलं. त्यांच्या गळ्यात वीणा होती. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते. आणि ज्याच्या गळ्यात ती असेल, त्याच्या पाया पडतात. त्याला धक्का लावत नाहीत.

"तात्या, जरा बघा. ही वरच्या विहिरीची बाटली, ही डोहाची." तिनं दोन्हींत दोन-दोन औषधांचे थेंब टाकले. विहिरीच्या बाटलीत चहासारखा तपकिरी गाळ धरला. डोहाच्या बाटलीत नुसता पांढरा.

"तपकिरी म्हणजे पाण्यात जीव आहे. पांढरा म्हणजे संपला."

"बरं मंग?"

"मासे काकडा ऐकायला येत न्हाईत तात्या. त्यांचा दम कोंडून राह्यलाय."

बुवा हसले. "अन् मरळ? त्यो तर रोज वर येतो, बारा महिने. त्यो काय रोज मरून राह्यला का?"

"मरळ हवेतनं श्वास घेतो. एक घोट घेतला की निवांत खाली. रोहूला ते जमत न्हाई. त्याला बघा, तो खाली जातच न्हाई."

"हे बघ दैवा, बाटलीतलं तुला कळतं, भावातलं मला कळतं. मासा तोंड उघडतो, आता त्यो नाव घेतो का हवा घेतो, हे तुझ्या मास्तरनीनं पाण्यात उतरून बघितलं का?"

"आज काल्याचं अन्न डोहात गेलं तर उद्या एक मासा उरणार न्हाई!"

"माय, हळू बोल. लोक ऐकतील."

त्या 'लोक ऐकतील'नं तिचा तोल गेला. वर्षभर जे गिळलं होतं ते एकदम वर आलं.

"पहाटं तुम्हाला दमा उठतो, तुम्ही खिडकीच्या गजाला तोंड लावून बसता. असं, आ करून. तवा तुम्ही काय भजन म्हणून राह्यलेले असता का तात्या?"

तोंडातून गेलं आणि तिला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. बुवांचा हात वीणेच्या तारेवर होता, तो तिथंच राहिला. त्यांनी एकदा डोहाकडं पाहिलं. मग पायऱ्या चढून मंडपात गेले.

काल्याचं कीर्तन सुरू झालं. महाराजांनी माशांचा दाखला दिला, मंडपात टाळी पडली. दैवशाला मंडपात थांबली नाही, घरी गेली नाही; स्वयंपाकाच्या चुलीपाशी घिरट्या घालत राहिली. तिथं तिचा चुलतभाऊ भारत, पंगतीचा कारभारी.

"भारतदादा, उरलेलं डोहात नको टाकू."

"मंग कुठं टाकू? तुझ्या विद्यापीठात?"

"मासे मरतील रे."

"हे बघ शास्त्रीणबाई, तीन हजार माणसाचा स्वयंपाक, जेवणार दोन हजार. वरण सकाळपर्यंत आंबतं. तात्याला विचार जा. तात्या न्हाई म्हणला तर बिलकुल टाकत न्हाई."

"ते न्हाई म्हणणार न्हाईत."

"मंग झालं तर!"

दुपारी कीर्तन उरकून पंगती उठल्या आणि पहिलं पातेलं निघालं. चौघांनी कान धरले होते; भात, वरण, बुंदी सगळं एकत्र. दैवशाला पळत पुढं गेली आणि शेवटच्या पायरीवर आडवी उभी राहिली. मागं पाणी, पुढं पातेलं.

"सरक दैवा, हात भाजून राह्यलेत!"

"न्हाई सरकत."

बायका जमल्या. "शिकली म्हणून अन्नाला आडवी येती?" "बापाचं नाव घालवती ही पोरगी." कोणीतरी तिचं मनगट धरलं. तिनं ओढून घेतलं, पाय शेवाळावर सरकला, गुडघाभर पाण्यात गेली. तरी उभीच. रडत होती की घाम होता, तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात वरची गर्दी फाटली. कचरूबुवा वीणा गळ्यात तशीच घेऊन पायऱ्या उतरत होते. दम लागलेला, दर पायरीला थांबत होते. लोक सवयीनं वाकून पाया पडायला लागले. बुवा कोणाकडं न बघता खाली आले आणि लेकीच्या पुढं उभे राहिले.

"ओता," म्हणाले. "माझ्या अंगावरनं ओता."

वीणेकऱ्याच्या अंगावर कोण ओतणार? भारतनं पातेलं खाली टेकवलं. "तात्या, अवो तुमचेच मासे हायेत!"

"माझे न्हाईत. अन् काकड्याला बी येत न्हाईत." बुवांना बोलता येईना, छाती भात्यासारखी हलत होती. ते आ करून श्वास घेत राहिले, आणि सगळा गाव ते तोंड बघत राहिला. "हे... हे असं. असं करतेत ते. मला माझं तोंड दिसलं न्हाई इतके दिवस. चूक माझी हाय. सगळ्यांना मीच सांगितलं, मीच ते माघारी घेतो."

मागून एक जण म्हणाला, "मंग आम्ही पहाटं चारला कशाला येत होतो?" बुवा म्हणाले, "देवासाठी येत असाल तर देव हाय की."

जीपा जल्दी निघून गेल्या. उरलेलं अन्न भारतनं ट्रॅक्टरवर घालून वाड्या-वस्त्यांवर पोचवलं. तोंडानं शिव्या देत, पण पोचवलं. दैवशालाच्या सांगण्यावरून डोहावर इंजिन बसवलं, खालचं पाणी उपसून वरच्या पायरीवरून परत डोहात पाडलं, वारा लागावा म्हणून. तरी दुसऱ्या दिवशी साठ मासे काठाला लागले. चौथ्या दिवशी एकही नाही. दैवशालानं त्या दिवशी बाटली उजेडात धरली. गाळ फिकट तपकिरी होता. ती काही हसली नाही. घरी येऊन तात्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "तसं बोलायला नको होतं मी." बुवा म्हणाले, "वर्षभर आधी बोलायला पायजे होतं."

पुढच्या चैत्रात पत्रिकेवर 'मासेवाले' नव्हतं. पंगतीला भारतनं माणसं मोजून तांदूळ टाकला. दोन जीपा आल्या, फोन धरून उभ्या राहिल्या, पाणी तसंच निवांत. उजाडायच्या आत परत गेल्या. जाताना एक जण म्हणाला, "बुवाची भक्ती आटली." बुवांनी ऐकलं. त्याच फाटक्या आवाजात काकडा पुढं चालू ठेवला. खाली सगळे मासे खोल पाण्यात होते, आपापल्या श्वासात.

तर मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. मोठमोठ्या बुवांची नावं तुमच्या तोंडी आहेतच. त्यांत आणखी एक बसवा. उद्या पहाटे काकड्याला उभे राहाल, तेव्हा कचरूबुवाची आठवण काढा, ज्याच्या काकड्याला मासे येत नाहीत.