खंडेनवमीला पुजलेली कात्री

मित्रांनो, ही हकीकत दोन हजार बावीस सालची, रोह्याच्या एका कॉलेजातली. मी एक जुनी कात्री आहे. पण शिंप्याच्या दुकानात असते तसली नव्हे. मला पाती नाहीत, मूठ नाही. करंगळीच्या पेराएवढ्या नळीत तळाशी चार थेंब पाणी दिसतं, त्या पाण्यात मी असते. शास्त्राच्या पुस्तकात माझ्या जातीला विकर, म्हणजे एन्झाइम म्हणतात.

माझं माहेर तुमच्याच पोटात आहे. आतड्याला आतून एक बुळबुळीत थर असतो आणि तो आतड्याची राखण करतो. त्या थरात साखरेने मढवलेले लांबलचक धागे असतात. त्यांना म्युसिन म्हणतात. आतड्यात राहणारे काही जिवाणू या धाग्यांवरच जगतात. अख्खा धागा गिळता येत नाही, म्हणून ते आधी तो कापतात. ते कापण्याचं काम माझं. शास्त्रज्ञांनी माझी कृती त्या जिवाणूकडून घेतली, दुसऱ्या एका गरीब स्वभावाच्या जिवाणूला शिकवली, आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मोठ्या चंबूंतून मला तयार केलं. माझा एक गुण सगळ्यांना आवडे. मी फक्त म्युसिन कापते, दुसऱ्या कशाला हात लावत नाही. एखादी बुळबुळ म्युसिनची आहे की भलत्याच कशाची, हे ओळखायचं असेल तर मला बोलावतात.

कमळाकर सरांनी मला मोठ्या मिनतवारीने रोह्याला आणलं. पुण्यातल्या मित्राच्या मागे ते दोन वर्षं लागले होते. थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात बसून मी आले तेव्हा सरांचा चेहरा लेकीच्या बारशाला असावा तसा होता. मला वाटलं, आता कामाला लागायचं. सरांनी मला उणे वीसच्या फ्रीझरमध्ये सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवलं आणि नळीवर बारीक अक्षरात लिहिलं, ‘महत्त्वाच्या कामासाठी’.

तिथेच माझं नशीब फिरलं. सरांच्या आईने पेणच्या घरी चिनी मातीचे सहा कप पाहुण्यांसाठी कपाटात ठेवले होते. पाहुणे आले, स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊन गेले, कप कपाटातच राहिले. सर त्या माउलीचे चिरंजीव. महत्त्वाचं काम कोणतं, ते काही ठरेना. मात्र कुणी पाहुणा आला की सर मला बाहेर काढत, उजेडात धरत आणि सांगत, “जिल्ह्यात ही एकच नळी आहे बरं का.” पाहुणा मान डोलवी. मी वितळे. मग पुन्हा गोठे. प्रत्येक वेळी माझी थोडी धार जाई. सांगणार कुणाला आणि कशी?

बावीस सालच्या पावसाळ्यात नमिता आली. ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पेणजवळच्या खारेपाटातली, खाडीकाठच्या गावातली मुलगी. सकाळच्या गाडीने रोह्याला यायची. तिचे वडील कान्हू यांची दोन तळी होती, एक परसात आणि एक शेताच्या बांधाला. दोन्हींत जिताडा माशांची पैदास. त्या वर्षी माशांच्या अंगावर पांढरट, जाड बुळबुळ चढू लागली आणि मासे मरू लागले. कान्हू म्हणत, ही बुळबुळ म्हणजेच रोग, ती काढली की मासा वाचेल. एकेक मासा जाळ्यात धरून, जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडवून गोणपाटाने पुसून काढायचा त्यांचा बेत होता. नमिताला शंका होती. ही बुळबुळ माशाची स्वतःचीच असेल, त्याने दुखण्यापुढे धरलेली ढाल असेल, तर ती पुसून काढणं म्हणजे माशाला उघडं पाडणं. ढाल म्युसिनची असते. जंतूंनी चढवलेला थर म्युसिनचा नसतो. निवाडा फक्त मीच करू शकत होते.

तिने सरांकडे मला मागितलं. सर म्हणाले, “बघू. आधी साध्या चाचण्या करून घे. ती नळी एकदा संपली की संपली.”

महिनाभर ती साध्या चाचण्या करत राहिली. प्रयोगशाळेत झाडलोट आणि काचसामान धुण्याचं काम काशीबाईंकडे होतं. त्यांचं सगळं घर मिठागरावर राबलेलं. एक दिवस त्या चंबू विसळता विसळता म्हणाल्या, “गो पोरी, सायबाकडून काम काढायचं तर एक जिताडा पोचवायचा. आमच्याकडं हीच रीत हाय.”

“मावशी, सर शाकाहारी आहेत.”

“मग तुझं काय खरं नाय.”

दोघी हसल्या. मी फ्रीझरमध्ये चरफडत होते.

शेवटी सर कबूल झाले. दसरा होऊ दे, मग घे, म्हणाले. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपापल्या हत्यारांची पूजा करायची, हे तुम्हाला माहीत आहे. सुतार पटाशी पुजतो, शेतकरी विळा पुजतो. कॉलेजात सरांनी सूक्ष्मदर्शक, तराजू, चिमटे सगळं टेबलावर मांडलं, झेंडूची फुलं वाहिली. मग ते म्हणाले, “आपलं सर्वांत मोठं हत्यार तर आतच राहिलं.” त्यांनी मला काढलं, माझ्या टोपणाला कुंकवाचं बोट लावलं आणि समईच्या शेजारी उभं केलं. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत मी त्या उबेत होते. नमिता दोनदा म्हणाली, “सर, बाहेर आहे तोवर आत्ताच प्रयोग लावते ना.”

“आज हत्यार चालवत नाहीत, नमिता. आज त्याला विश्रांती.”

मित्रांनो, कसली विश्रांती? रोह्याला आल्यापासून मी दुसरं काय करत होते? आरती झाली, पेढे वाटले, आणि मला पुन्हा गोठवायला ठेवलं. माझी धार त्या दिवशी जवळजवळ गेली.

दसऱ्यानंतर नमिताने माझा एक थेंब माशाच्या बुळबुळीत घातला. दोन तासांनी तो थेंब तिने एका लवचीक पापुद्र्यात सोडून वीज लावली आणि साखरेच्या धाग्यांवर चढणारा गुलाबी रंग दिला. न कापलेलं म्युसिन जड असतं, ते वरच अडतं. कापलेलं खाली उतरतं. गुलाबी रेघ वरच अडली होती. मी काही कापलंच नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की दोष माझ्यात आहे, बुळबुळीत नाही. पण कात्रीला तोंड नसतं. नमिताने वहीत लिहिलं, ‘म्युसिन नाही’, आणि घरी फोन लावला. “बाबा, तुमचंच खरं. ती माशाची नाही.”

कान्हूंनी त्याच दिवशी परसातल्या तळ्याला हात घातला. मासे धरले, बुडवले, पुसले. चार दिवसांत ते सगळं तळं उलटं झालं. एक मासा राहिला नाही.

नमिता कॉलेजात आली ती थेट खिडकीपाशी जाऊन बसली. काशीबाईंनी तिला पाण्याचा पेला दिला. “घरी काय झालं गो?”

“परसातलं तळं गेलं, मावशी. बाबा मला काहीच बोलत नाहीत. उद्या ते बांधावरच्या तळ्याला तेच करणार आहेत. माझ्याच सांगण्यावरून.”

“तू काय सांगितलंस, तेच मला नाय समजलं.”

नमिताने माझं काम समजावून सांगितलं. काशीबाईंनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “कोयत्यानं लाकूड तुटलं नाय, तर लाकूड कठीण की कोयता बोथट?”

नमिताने मान वर केली.

“आम्ही आधी केळीच्या खुंटावर मारून बघतो. केळ तर कुणाच्याबी कोयत्यानं तुटते. ती बी तुटली नाय, तर कोयत्याला धार नाय. तुझ्या त्या नळीला केळ दाखवलीस का?”

केळ दाखवली नव्हती, म्हणजे खात्रीच्या म्युसिनवर मला आधी चालवून पाहिलं नव्हतं. थेंबन् थेंब वाचवायचा म्हणून सरांनीच तिला ती चाचणी गाळायला सांगितली होती. नमिताने घरी फोन करून एवढंच सांगितलं, “बाबा, बांधावरच्या तळ्याला उद्या हात लावू नका. एक दिवस थांबा. माझं चुकलं असेल.” मग कान्हू म्हणाले, “एक दिवस. जास्त नाय.”

ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. “सर, मला ती सगळी नळी हवी आहे.”

सरांनी स्वतः मला काढून तिच्या हातात दिलं. “खंडेनवमीला मीच काढली होती,” एवढंच ते म्हणाले.

तिने माझे दोन वाटे केले. एक डुकराच्या जठरातून काढलेल्या शुद्ध म्युसिनमध्ये घातला. ती आमची केळ. दुसरा जिताड्याच्या बुळबुळीत. माझा जोर कमी होता, म्हणून दोन तासांऐवजी तिने पुरी दिवसरात्र दिली. मी बोथट झाले होते, तरी मेले नव्हते. एकेका धाग्याशी झटत राहिले. रोह्याला आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या हातून काम होत होतं.

सकाळी दोन्ही रेघा खाली उतरल्या होत्या. दोन्ही फिकट, पण दोन्ही खाली. बुळबुळ माशाचीच होती. तिने लगेच घरी कळवलं: ती ढाल आहे, पुसू नका, पाणी बदला.

कान्हूंनी औषध गटारात ओतलं नाही, शेजाऱ्यालाही दिलं नाही. पत्र्याच्या पेटीत बंद करून ठेवलं. बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर करायची झडप, उघडून त्यांनी तळ्यातलं नासकं पाणी सोडलं आणि भरतीचं पाणी आत घेतलं. मासे तसेच बुळबुळीत राहू दिले. दिवाळीपर्यंत निम्म्याहून जास्त सावरले. परसातलं तळं मात्र त्यांनी पुन्हा भरलं नाही. तिथे आता वाल पेरतात.

नमिता आज रत्नागिरीला माशांच्या रोगांवर काम करते. प्रत्येक चाचणीच्या आधी ती ‘केळ’ लावते, आणि तिच्या हाताखालची मुलं हा शब्द कुठून आला म्हणून विचारतात. काशीबाई गुडघे दुखतात म्हणून काम सोडून गावी राहिल्या. नमिता सुट्टीला आली की आधी त्यांच्याकडे जाते. कमळाकर सर निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी पुण्याहून नवीन नळ्या मागवल्या, प्रत्येक नळीचे लहान लहान वाटे करून ठेवले आणि फ्रीझरच्या दारावर कागद चिकटवला: ‘मागेल त्याला द्या.’ पेणच्या घरात म्हणे ते आता चिनी मातीच्या कपातून चहा पितात. सहातला एक फुटलाही.

आणि मी? माझी नळी रिकामी झाली. तिच्या आतल्या भिंतीला लागून राहिलेली थोडीशी मी उरले आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुठे काही जपून ठेवलेलं असेल, तर एकदा कपाट उघडा. ज्याचं काम कापण्याचं त्याच्याकडून कापून घ्या, ज्याचं पाजण्याचं त्यातून पाजा. धार असेतोवर. खंडेनवमीला कॉलेजात अजून पूजा होते. नव्या, भरलेल्या नळ्या फ्रीझरमध्येच असतात. फुलांमध्ये, समईशेजारी, कुंकू लावून मला ठेवतात.

रिकामीला ऊब लागली तरी चालते.