भरली म्हणालो होतो

धादोने भाषणातल्या त्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली, मग ती ओळच खोडायला गेला, तेवढ्यात वान्झाने त्याच्या हातातून पेन अलगद काढून घेतलं.

"साहेब, ती ओळ राहिली तरच पूल."

धादो कोनेसाचा खासदार, वान्झा त्याची सहायक. वयाने लहान, पण नैरोबीत वाढलेली. संसदेच्या कोणत्या दारामागे काय शिजतंय हे तिला वासावरून कळायचं. उपाहारगृहात दोघांचे चहा गार होत होते. ती पुन्हा एकदा सगळं समजावून सांगत होती. बांधकाम समितीच्या अध्यक्षांनी शब्द दिला होता की कोनेसाच्या पुलाला ते पाठिंबा देतील, याच वर्षीच्या कामांत तो धरतील. अट एकच. होडी बुडाली ती नावाड्याच्या चुकीने, असं धादोने स्वतःच्या तोंडाने सभागृहात म्हणायचं. तिथला खासदारच तसं म्हणाला की पुलाची मोजणी करणाऱ्या ठेकेदाराकडे बोट दाखवायला कोणी उरत नाही. ठेकेदार अध्यक्षांचा मेहुणा, हे दारावरच्या शिपायालाही ठाऊक होतं.

ओळ इंग्रजीत होती आणि मोठी गुळगुळीत होती. 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे उद्भवलेली दुर्दैवी घटना.' त्यात नावाड्याचं, जिलोचं, नाव नव्हतं आणि बुडालेल्यांचीही नावं नव्हती. इंग्रजीची हीच तर सोय. शिवीसुद्धा इस्त्री करून देता येते.

"आणि गावात कोणाला इंग्रजी कळतंय?" वान्झा म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. पुढच्या वर्षी निवडणूक होती आणि पुलाशिवाय धादो पुन्हा निवडून येत नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पुलाशिवाय पुढच्या पावसाळ्यात आणखी कोणीतरी बुडणार, हे धादोला दिसत होतं.

सकाळीच आईचा फोन येऊन गेला होता. आज धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत सगळं गाव रेडिओला कान लावून बसणार म्हणे. रेडिओला नवे सेल जिलोनेच आणून घातलेत. धादो म्हणाला, मी इंग्रजीत बोलणार आहे, तुम्हाला त्यातलं काय कळणार?

"कळत नाही तेच बरं आहे बाबा," आई म्हणाली. "तू आमच्यासाठी भांडतोयस असं समजतो आम्ही."

हे कौतुक होतं की टोमणा, ते त्याला फोन ठेवल्यावरही उमगलं नाही.

गेल्या पावसात ताना नदी फुगली होती. जिलोची होडी म्हणजे आंब्याच्या एका खोडातून कोरलेली, लांबलचक. अर्धं गाव तिच्यातूनच शाळेला गेलेलं, धादोसुद्धा. त्या दिवशी ती बाजाराच्या बायकांनी भरली होती, आणि तेवढ्यात मोजणीवाले आपल्या लोखंडी पेट्या घेऊन आले. मधल्या धारेत होडी कलंडली. मोजणीवाले पोहून काठाला लागले. पाच जणं लागली नाहीत. जिलोला पोलिसांनी धरून नेलं तेव्हा धादो त्याला कोठडीत भेटायला गेला होता. म्हातारा एवढंच म्हणाला, "भरली म्हणालो होतो मी. दोनदा म्हणालो. ते म्हणाले, तुमचाच पूल मोजायला आलोय आणि आम्हालाच अडवतोस?"

पोलिसांनी त्याला सोडलं, पण गावाने काही सोडलं नाही. तोंडावर कोणी बोलत नव्हतं. फक्त त्याच्या होडीत कोणी बसत नव्हतं. डोक्यावर आंब्यांच्या पाट्या घेऊन बायका नदी ओलांडायला खालच्या उतारापर्यंत पायपीट करायच्या, आणि जिलो रिकाम्या होडीतलं पाणी उपसत बसायचा. 'भरली' म्हणाला असेलही, लोक म्हणायचे, पण मग होडी सोडलीच कशाला?

दुपारी सभागृहात मोम्बासाचे सदस्य स्वाहिलीत बोलत होते. माणूस फड जिंकणारा. मासळीच्या भावावर असं काही बोलला की बाकं वाजायची थांबेनात. त्या हशातच सभापतींनी धादोचं नाव पुकारलं. धादो उठला. "आभारी आहे, सभापती महोदय," म्हणाला, आणि म्हणाला ते स्वाहिलीत.

मग कागद सरळ करून त्याने इंग्रजी सुरू केलं, तोच समोरच्या बाकावरून एक सदस्य हरकतीला उभे राहिले. सन्माननीय सदस्यांनी सुरुवात स्वाहिलीत केली आहे. ज्या भाषेत सुरुवात, त्याच भाषेत शेवट, असा नियम आहे. पुन्हा हशा, पुन्हा बाकं. एरवी आभाराच्या दोन शब्दांकडे सभापती काणाडोळा करायचे. पण आज तेही रंगात आले होते.

"नियम तो नियम," ते म्हणाले. "स्वाहिलीत होडी सोडलीत, आता स्वाहिलीतच काठाला लावा."

धादो कागदावर नजर ठेवून स्वाहिलीत सांगू लागला. नदीबद्दल सांगितलं, शाळेच्या पोरांबद्दल सांगितलं, पलीकडे असलेल्या दवाखान्याबद्दल सांगितलं. जमत होतं. मग ती ओळ आली.

निष्काळजीपणाला स्वाहिलीत शब्द आहे, उझेंबे. तो कचेरीतला शब्द नाही. शेतात शेळ्या शिरल्या तरी झाडाखाली लोळत पडलेल्या माणसाला तो लावतात. एकदा चिकटला की त्याच्या नातवंडांनाही त्याच नावाने हाका मारतात. धादोने मान वर केली. समितीचे अध्यक्ष गालावर हात टेकून ऐकत होते, चेहरा प्रसन्न. वरच्या सज्जात वान्झा पुढे झुकली होती. आणि तिकडे, नदीच्या काठी, टपरीत, नव्या सेलांचा रेडिओ खणखणीत वाजत असणार, आणि स्वाहिली तिथे पोराटोरांनाही कळते.

धादो त्या ओळीशी थांबला. सभापतींनी विचारलं, सदस्यांचं झालं का? तेव्हा धादोने कागदाची घडी घातली.

"आमच्याकडे होडीला परवाना नसतो, सभापती महोदय," तो म्हणाला. "नावाडी 'भरली' म्हणतो, तोच आमचा कायदा. जिलो बुया त्या दिवशी भरली म्हणाला होता. दोनदा म्हणाला. ज्यांनी ऐकलं नाही, ते पूल मोजायला आले होते."

कोणीतरी ओरडलं, "कोणाची माणसं?" धादोने ठेकेदाराचं नाव घेतलं. मग बुडालेल्यांची नावं घेतली, एकेक, त्यांच्या बापांच्या नावांसकट, मयताच्या वेळी घेतात तशी. भाषणाची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा शेवटचं नाव राहिलं होतं. तेही त्याने घेतलं आणि मगच तो बसला. अध्यक्षांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

बाहेर वान्झाने त्याला गाठलं.

"ते 'आभारी आहे' चुकून निघालं," तिने विचारलं, "की मुद्दाम?"

"चहा राहिला आपला," धादो म्हणाला.

त्या वर्षीची कामं जाहीर झाली. त्यात कोनेसा नव्हतं.

गावी जायचं त्याने दोन वेळा टाळलं. लोकांनी पुलासाठी निवडून दिलं आणि हातचा पूल आपण घालवला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी आईनेच बोलावून घेतलं, तेव्हा जावंच लागलं. गाडी नदीच्या अलीकडे थांबली. उन्हं चढली होती, पाणी गढूळ आणि भरलेलं होतं. काठाशी जिलोची होडी डांबर लावून नवीकोरी केलेली, आणि तीत बायका दाटीने बसलेल्या, मांडीवर आंब्यांच्या पाट्या घेऊन. खालच्या उताराकडे जाणारी पायवाट गवताने बुजत आली होती.

भाषणाचा विषय कोणी काढला नाही. एका म्हातारीने तेवढं विचारलं, "पूल या वर्षी नाही ना?"

"नाही मावशी."

"हं," म्हातारी म्हणाली, आणि पाटी नीट मांडीवर घेतली.

धादोने बूट काढले, विजार वर दुमडली आणि एक पाय पाण्यात टाकला. तोच जिलोचा बांबू त्याच्या छातीसमोर आडवा आला.

"भरली."

मागून ड्रायव्हर खवळला. "आजोबा, माणूस बघून तरी बोला. खासदारसाहेब आहेत."

जिलोने बांबू हलवला नाही. त्याने धादोकडे पाहिलं, अगदी शाळकरी पोराकडे पाहावं तसं. होडीतल्या बायकांच्या माना वळल्या होत्या. आता काय होतं, ते सगळ्यांनाच बघायचं होतं.

धादोने पाण्यातला पाय मागे घेतला.

"भरली म्हणाले ना," तो ड्रायव्हरला म्हणाला.

जिलोने बांबू तळाला टेकवून रेटा दिला. होडी धारेला लागली. धादो मांडीवर बूट घेऊन काठावर बसला आणि पुढच्या खेपेची वाट पाहू लागला.